नेटमध्ये जमतं, मैदानात का हुकतं?

एखादा फलंदाज लागोपाठ तीन-चार डावांत स्वस्तात बाद झाला की बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘नेटमध्ये तर तो उत्तम खेळत होता.’ वाचणाऱ्याला ही सबब वाटते. बहुतेक वेळा ती खरीच असते. सरावात शंभरपैकी नव्वद सर्व्हिस बिनचूक टाकणारी बॅडमिंटनपटू स्पर्धेच्या पहिल्याच गेममध्ये दोनदा शटल जाळ्यात घालते, तेव्हाही तिचे ते नव्वद खोटे नसतात.

अशा वेळी दोन निदानं ठरलेली असतात. एक, दडपण झेपलं नाही. दोन, सराव कमी पडला. तिसरं निदान सहसा कुणाला सुचत नाही: सराव भरपूर झाला, पण तो सामन्यात लागणाऱ्या कौशल्याचा झालाच नाही. हे निदान समजून घ्यायचं तर कौशल्यांचे प्रकार, ती अंगात मुरण्याची रीत आणि सरावाची आखणी, तिन्ही एकमेकांना जोडून पाहावं लागतं.

आधी दोन शब्द

‘कारक कौशल्य’ हा शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांतला शब्द. ठरवलेलं काम शरीराच्या हालचालींनी, कमीत कमी श्रमात आणि पुन्हा पुन्हा खात्रीनं साधता येणं, एवढाच त्याचा अर्थ. बोलताना आपण ‘हात बसला’ म्हणतो, तेच हे. पुढे नुसतं ‘कौशल्य’ म्हटलं तरी हेच समजायचं.

दुसरा शब्द ‘क्षमता’. उंची, प्रतिक्रियेचा वेग, लवचीकपणा हे बरंचसं उपजत भांडवल. कौशल्य मात्र शिकूनच येतं. या दोहोंची सरमिसळ फार होते. चांगला फलंदाज वेगवान चेंडू लीलया खेळतो तेव्हा ‘काय रिफ्लेक्स आहेत!’ म्हणून आपण मोकळे होतो, आणि त्याच्या शिकलेल्या गोष्टीचं श्रेय उपजत गोष्टीला देऊन टाकतो.

कुलूप उघडणं आणि रस्ता ओलांडणं

घराचं कुलूप रोज तेच असतं. किल्ली किती आत घालायची, किती फिरवायची हे हाताला पाठ असतं; अंधारातही जमतं. कुलूप हलत नाही, घाई करत नाही, फसवतही नाही. रस्ता ओलांडण्याचं तसं नाही. चालणं तेच असलं तरी कधी पाऊल टाकायचं, कधी थांबायचं, कधी वेग वाढवायचा हे दर वेळी समोरची रहदारी ठरवते.

कौशल्यांची सर्वांत कामाची विभागणी हीच आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पूल्टन यांनी १९५७ मध्ये ती मांडली, तीही कारखान्यातल्या कामांच्या संदर्भात. खेळाच्या क्षेत्रानं नंतर उचलली. परिस्थिती स्थिर असेल आणि सुरुवात आपल्या हातात असेल तर ते ‘बंद’ कौशल्य: नेमबाजी, वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स, बास्केटबॉलमधला फ्री थ्रो. परिस्थिती सतत बदलत असेल आणि तिच्याशी जुळवून घ्यावं लागत असेल तर ते ‘खुलं’ कौशल्य: कबड्डीतली चढाई, फुटबॉलमधला पास, क्रिकेटमधली फलंदाजी, बॅडमिंटनमधला परतीचा फटका.

हे दोन बंदिस्त कप्पे नव्हेत. ही एक पट्टी आहे आणि प्रत्येक कौशल्य तिच्यावर कुठेतरी बसतं. एकाच खेळातली दोन कामं पट्टीच्या दोन टोकांना असू शकतात. टेनिसची सर्व्हिस बऱ्यापैकी बंद, ती परतवणं पूर्ण खुलं. छताखालची तिरंदाजी बंद. तीच मोकळ्या मैदानावर, वारा दिशा बदलत असताना थोडी खुलीकडे सरकते. कुठलं कौशल्य कुठे बसतं हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: समोरचं जग माझी वाट बघत थांबलंय का?

आणखी एक विभागणी सुरुवात आणि शेवट बघून होते. फटका, फेक, उडी यांना स्पष्ट आरंभ-अंत असतो. ही सुटी कौशल्यं. पोहणं, धावणं, सायकल चालवणं अखंड चालतं. या दोहोंच्या मध्ये साखळी कौशल्यं: तिहेरी उडी, जिम्नॅस्टिक्सचा संच, बास्केटबॉलचा ले-अप (धावत येऊन उडी मारत चेंडू जवळून बास्केटमध्ये टाकणं). यांत सुट्या हालचाली ओळीनं गुंफलेल्या असतात. तोडून शिकवायचं की अख्खं, हा प्रश्न येईल तेव्हा ही विभागणी उपयोगी पडेल. मोठ्या स्नायूंची स्थूल आणि बोटांची सूक्ष्म कौशल्यं ही तिसरी विभागणी परीक्षेत हमखास विचारतात. मैदानावर तिच्यावाचून फारसं अडत नाही.

अर्ध्या सेकंदात काय बसतं?

खुल्या कौशल्याच्या पोटात काय असतं ते एका चेंडूपुरतं पाहू. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत चेंडू साधारण १८ मीटर जातो. म्हणजे हातात उरतो जेमतेम अर्धा सेकंद. काहीतरी दिसलं आणि शरीर हललं, एवढ्या साध्या प्रतिक्रियेलाच सुमारे ०.२ सेकंद जातो. पर्याय वाढले की हा वेळ आणखी वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ हिक यांनी १९५२ मध्येच दाखवलं होतं. त्यावर पाय हलवायचा, बॅट खाली आणायची. चेंडू शेवटपर्यंत बघून मग ठरवू म्हटलं, तर गणितच जुळत नाही.

मग फलंदाज करतो काय? लँड आणि मॅक्लाउड या संशोधकांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेची हालचाल टिपली. चेंडू सुटताना नजर त्यावर असते. मग ती चेंडूचा पाठलाग सोडून थेट टप्पा पडेल त्या जागी उडी घेते आणि तिथे चेंडूची वाट बघते. तरबेज फलंदाजाची नजर ही उडी नवशिक्यापेक्षा लवकर घेते. टप्पा कुठे पडणार याचा अंदाज चेंडूच्या सुरुवातीच्या उड्डाणातून येतो. प्रत्यक्ष सामन्यात त्याच्याही आधी गोलंदाजाच्या धावेतून, खांद्यातून, मनगटातून इशारे मिळालेले असतात. हे वाचन म्हणजेच कौशल्याचा अर्धा भाग.

याचा उलटा पुरावा २००४ साली एका प्रदर्शनीय सामन्यात सगळ्यांसमोर आला. सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, जेनी फिंच हिनं बेसबॉलमधला अव्वल फटकेबाज आल्बर्ट पुहोल्स याला चकवून स्ट्राइक-आउट केलं. त्याचे रिफ्लेक्स त्या दिवशी मंदावले नव्हते. हाताखालून येणारा तो चेंडू वाचायचे धडेच त्यानं कधी गिरवले नव्हते.

आता बोलिंग मशीनचा विचार करा. चेंडूचा वेग खरा, टप्पा खरा. पण धाव नाही, खांदा नाही, मनगट नाही. रोज फक्त मशीनवर खेळणारा फलंदाज बॅट फिरवण्याचा सराव भरपूर करतो आणि वाचण्याचा अजिबात करत नाही. एक खुलं कौशल्य तो कुलूप उघडल्यासारखं घोटत बसलेला असतो. म्हणून मशीन फेकून द्यावं असं नाही. नवा फटका बसवताना, दुखापतीतून परतताना ते कामाचं आहे. फक्त त्यावर घालवलेला तास ‘फलंदाजीचा सराव’ या खात्यात पूर्ण जमा धरू नये.

हुलकावणी का चालते तेही इथंच कळतं. कबड्डीत चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे झेपावल्याचा भास देतो. बचावपटूचा मेंदू त्या इशाऱ्याला उत्तर द्यायला लागतो, आणि ते उत्तर निस्तरेपर्यंत दुसऱ्या, खऱ्या इशाऱ्याचं उत्तर रांगेत थांबतं. दोन इशाऱ्यांमधलं अंतर फार झालं तर बचावपटू सावरतो. फार कमी झालं तर त्याला पहिला इशारा जाणवतच नाही. चांगला चढाईपटू हे अंतर मोजत नाही, पण त्याला ते बरोबर कळतं.

अंगवळणी पडतं म्हणजे काय होतं?

फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर सगळं डोक्यात चालतं: पकड कशी, पाय कुठे, आता काय. चुका मोठ्या आणि दर वेळी वेगळ्या. गाडी शिकताना क्लच-गिअर-आरसा यांत गुंतलेल्या माणसाशी बोलता येत नाही, ती ही पायरी. दुसरीवर तुकडे जुळू लागतात, चुका लहान होतात आणि आपली आपल्याला ओळखू येतात. ही पायरी सर्वांत लांब. तिसरीवर हालचाल अंगवळणी पडते आणि लक्ष दुसरीकडे देता येतं: प्रतिस्पर्ध्याकडे, मोकळ्या जागेकडे, डावपेचाकडे.

नवशिका ताठ का असतो, हे रशियन शास्त्रज्ञ बर्नस्टाइन यांच्या कामातून उलगडतं. खांदा, कोपर, मनगट, बोटं असे कितीतरी सांधे एकाच वेळी ताब्यात ठेवणं जमत नाही, म्हणून शरीर काही सांधे जखडून टाकतं. सराव वाढला की ते एकेक करून सुटतात. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘सैल सोड, सैल सोड’ असं ओरडण्यात अर्थ नसतो. तो ताठरपणा त्याची त्या वेळची काठी असते.

बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हालचाली टिपल्या होत्या. हातोड्याचं तोंड दर वेळी नेमक्या जागी येत होतं, पण खांदा-कोपर-मनगटाचे कोन दर घावाला थोडे वेगळे. म्हणजे कसलेला माणूस एकच हालचाल छापत नाही. तेच उत्तर दर वेळी नव्यानं सोडवतो. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. ‘घोटून घोटून पक्कं करा’ या सल्ल्याची मर्यादा इथं दिसते.

सरावात सुधारणा झाली म्हणजे शिकलो का?

मुलाला पाढे विचारताना ‘सात आठे?’ असं लागोपाठ दहा वेळा विचारलं, तर पहिल्यांदा तो आठवतो आणि पुढचे नऊ वेळा नुसतं ‘छप्पन्न’ म्हणतो. दहापैकी दहा बरोबर. शाबासकी मिळते. आता सात आठे, नऊ चोक, सहा साते असं उलटसुलट विचारा: अडखळेल, चुकेलही, पण दर वेळी त्याला खरोखर आठवावं लागेल. दोन दिवसांनी पाढे कुणाला येतील हे सांगायला नको.

हालचालींचंही असंच घडतं. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये लोकांना हातातल्या चेंडूनं छोटे लाकडी अडसर ठरावीक क्रमानं पाडायला लावलं. असे तीन क्रम होते. एका गटानं पहिला क्रम संपवून दुसरा, मग तिसरा घोटला. दुसऱ्या गटानं तिन्ही मिसळून केले. सरावादरम्यान पहिला गट सरस होता. पण दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी तपासलं तेव्हा मिसळून शिकलेला गट पुढे निघाला.

खेळाच्या मैदानावरही हे पडताळलं गेलं. गुड आणि मॅगिल यांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवून पाहिल्या. मिसळून सराव केलेल्या मुलींना त्या जास्त टिकल्या, आणि बाजू बदलून टाकायला लावल्यावरही जास्त जमल्या. १९९४ मध्ये महाविद्यालयीन बेसबॉलपटूंना आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, दर वेळी ४५ जादा चेंडू दिले: १५ वेगवान, १५ वळणारे, १५ संथ. एका गटाला हे पंधरा-पंधराच्या पुड्या बांधून, दुसऱ्याला कुठला येणार ते न सांगता. चेंडू तेवढेच, तास तेवढेच. शेवटी पुड्यांवाल्या गटाची फटकेबाजी सुमारे २५ टक्क्यांनी सुधारली, मिसळलेल्यांची सुमारे ५७ टक्क्यांनी. ज्यांना जादा सराव दिलाच नव्हता, ते सुमारे ६ टक्क्यांनी.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. सरावाच्या वेळी दिसते ती कामगिरी. काही दिवसांच्या खंडानंतर, किंवा बदललेल्या परिस्थितीत उरतं ते शिकणं. पहिली तात्पुरती फुगू शकते. शंभरपैकी नव्वद सर्व्हिस बरोबर टाकणारी ती मुलगी प्रत्येक सर्व्हिसच्या आधी नुकतीच तीच सर्व्हिस टाकून बसलेली असते. मागच्या चुकीची किंचित दुरुस्ती करायची, एवढंच काम उरतं. सामन्यात तिला दीर्घ रॅली खेळून, धाप लागलेली असताना, एकच सर्व्हिस टाकायची असते, आणि तीही पहिल्या प्रयत्नात. त्या पहिल्या प्रयत्नाचा सराव तिनं तासाभरात फक्त एकदाच केलेला असतो.

मग घोटून घेणं चुकीचंच?

नाही, आणि इथं अतिउत्साही लोक घोळ घालतात. पहिल्या पायरीवरच्या मुलाला तीन फटके मिसळून दिले तर त्याला एकही कळत नाही. मिसळण्याचा फायदा प्रयोगशाळेत ठळक दिसतो. प्रत्यक्ष मैदानावर, विशेषतः लहान मुलांत आणि अगदी नवख्यांत, तो कमी किंवा धूसर असतो. हालचालीचा ढोबळ आकार येईपर्यंत सलग पुनरावृत्तीच बरी.

व्यवहारात क्रम असा लावता येतो. नवी सर्व्हिस असेल तर आधी आठ-दहा प्रयत्न सलग. दहापैकी सहा-सात ठीक पडू लागल्या की तीन-तीनच्या पुड्या: तीन आखूड, तीन उंच, पुन्हा तीन आखूड. त्यानंतर कुठलीच सर्व्हिस लागोपाठ दोनदा नाही. शेवटी प्रत्येक सर्व्हिसनंतर चार-पाच फटक्यांची रॅली, मग पुढची. प्रयत्न मोजून सारखेच ठेवा, फक्त क्रम बदला. तिसऱ्या टप्प्यावर यशाचं प्रमाण घसरणार. ते घसरलं म्हणून मागे येण्याची घाई करू नये. मात्र ते दहापैकी तीन-चारच्याही खाली जाऊन तिथेच अडकलं, तर काम अजून जड आहे. एक पायरी खाली उतरावं.

दुसरा आक्षेप जास्त खमका आहे. फ्री थ्रो तर नेहमी एकाच जागेवरून मारायचा. तिथे विविधता कशाला? हे पुष्कळसं खरं आहे. अनुभवी बास्केटबॉलपटूंना वेगवेगळ्या अंतरांवरून उडी न मारता नेम मारायला लावला, तर फ्री थ्रोच्या रेषेवर त्यांची अचूकता आजूबाजूच्या अंतरांवरून काढलेल्या अंदाजापेक्षा जास्त निघते. २००५ च्या एका अभ्यासात हे दिसलं. हजारो वेळा एकाच जागेवरून मारल्याचं ते फळ. म्हणजे बंद कौशल्यात नेमकी पुनरावृत्ती कामाची ठरते. पण तिथेही शंभर थ्रो एका दमात मारण्यापेक्षा दोन-दोन मारून मध्ये धावून येणं सामन्याच्या जवळचं आहे, कारण सामन्यात फ्री थ्रो नेहमी दमलेल्या पायांवरच येतो.

आणि विविधतेचा फायदा कधी कधी चकित करतो. कर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना छोटी पिशवी लक्ष्यावर फेकायला शिकवलं. काहींनी फक्त तीन फुटांवरून सराव केला. काहींनी दोन आणि चार फुटांवरून, तीनवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांवरून घेतली. दोन आणि चारवाली मुलं सरस ठरली. एकच उत्तर पाठ करण्याऐवजी त्यांनी ‘जोर आणि अंतर यांचं नातं’ शिकलं होतं, असा याचा अर्थ लावला जातो.

तोडून शिकवायचं की अख्खं?

लहान मुलांच्या सायकलला बाजूची दोन चाकं लावतात. त्यामुळे पॅडल मारणं लवकर येतं, पण तोल, जो सायकलचा जीव आहे, तो चाकंच सांभाळतात. ती काढली की मूल पुन्हा पहिल्या दिवसावर. उलट पॅडल काढून, सीट खाली करून, पाय जमिनीला टेकत ढकलायला लावलं तर तोल आधी येतो आणि पॅडल नंतर सहज जोडता येतात. तोडणं दोन्हीकडे आहे. फरक आहे कुठे तोडलं यात.

एकमेकांत फार न गुंतलेल्या भागांची साखळी तोडता येते. जिम्नॅस्टिक्सचा संच सुट्या भागांत शिकवतातच. फक्त सांध्यांचाही सराव लागतो, म्हणजे एका भागाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात मिळून. पोहण्यात फळी धरून नुसते पाय मारणं चालतं, कारण पायांचं काम बऱ्यापैकी स्वतंत्र आहे. श्वासाचं तसं नाही: काठ धरून मान वळवायला शिकलेला माणूस पाण्यात मान उचलतो आणि कंबर बुडते, कारण श्वास शरीराच्या वळण्यावर स्वार असतो.

जे भाग एकाच वेळी आणि एकमेकांवर अवलंबून घडतात, ते तोडले की वेगळेच होतात. व्हॉलीबॉलची सर्व्हिस घ्या. नुसता चेंडू वर उडवण्याचा सराव केला तर तो एका उंचीवर जातो. पूर्ण सर्व्हिसमध्ये, शरीर पुढे येत असताना, तोच हात वेगळ्या उंचीवर उडवतो. घोटलेला टॉस सामन्यात वापरलाच जात नाही. लांब उडीतही हेच. १९८२ च्या एका अभ्यासात दिसलं की कसलेले उडीपटू शेवटच्या काही पावलांत उडी घ्यायच्या फळीकडे बघून पावलांची लांबी जुळवून घेतात. फळी नसलेल्या ट्रॅकवर धाव मोजून घोटली, तर नेमकी ही जुळवाजुळवच सरावातून गळते.

अशा ठिकाणी तोडण्याऐवजी सोपं करावं: लहान रॅकेट, हलका चेंडू, खाली उतरवलेलं जाळं, छोटं मैदान, धाव कमी. काम अख्खंच राहतं, फक्त त्याचं वजन उतरतं.

कोचनं किती बोलावं?

फोनवरचा नकाशा ‘आता डावीकडे वळा’ म्हणत राहिला की आपण पोहोचतो बरोबर, पण महिनाभरानंतरही रस्ता पाठ नसतो. प्रत्येक चेंडूनंतर ‘कोपर वर, डोकं स्थिर’ सांगणाऱ्या कोचकडून हेच होतं. विनस्टाइन आणि श्मिट यांच्या १९९० च्या प्रयोगात ज्यांना सुमारे निम्म्या प्रयत्नांनंतरच निकाल सांगितला, आणि तोही हळूहळू कमी करत नेला, ते नंतरच्या चाचणीत दर वेळी निकाल कळलेल्यांच्या पुढे गेले. सतत सांगितलं की शिकणारा स्वतःच्या हाताची जाणीव वाचायचं सोडून देतो.

एक साधी पद्धत आहे. सांगण्याआधी विचारावं: ‘कुठे लागला असं वाटलं?’ उत्तर येईपर्यंत दोन-तीन सेकंद गप्प बसावं. मग खरं काय ते सांगावं. नवशिक्याला दर दोन प्रयत्नांनी एक सूचना, नंतर दर पाच-सहांनी. आणि एका वेळी एकच सूचना. तीन सूचना एकदम दिल्या तर मूल तिन्ही पाळायचा प्रयत्न करतं आणि चेंडू विसरतं.

सूचना कशाबद्दल, यालाही महत्त्व आहे. गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्की-सिम्युलेटरवर (चाकांच्या पाटावर उभं राहून डावी-उजवीकडे सरकायचं यंत्र) दाखवलं की ‘पायांनी जोर लावा’ यापेक्षा ‘चाकांवर जोर लावा’ ही सूचना जास्त चालते. फरक केवढासा, पण लक्ष शरीरावरून हालचालीच्या परिणामावर जातं. ‘मनगट वळव’ ऐवजी ‘शटल जाळ्याला घासून जाऊ दे’. पुढे झालेल्या फेरतपासणीत हा परिणाम पूर्वी वाटला तेवढा मोठा नसावा असंही दिसतं. तरी सूचना बदलून पाहायला काहीच लागत नाही.

आणि दडपण? ते खोटं का?

खोटं नाही. जिना उतरताना मध्येच ‘आता डावा पाय, आता उजवा’ असा विचार करून पाहा, पाऊल अडखळतं. अंगवळणी पडलेली हालचाल पुन्हा तुकड्यातुकड्यानं चालवायला घेतली की ती बिघडते, आणि दडपणाखाली माणूस नेमकं हेच करतो. मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हळूच ढकलून खड्ड्यात घालण्यावर, हे तपासलं. ज्यांना भरपूर नियम सांगून शिकवलं होतं त्यांची प्रगती दडपणात अडली. नियम न कळता जे शिकले, त्यांना आठवून गोंधळायला काही नव्हतंच.

यावरून सल्ला निघतो तो दोन प्रकारचा. बंद कौशल्यात ठरलेला छोटा क्रम ठेवा: दोनदा चेंडू आपटणं, एक श्वास, लक्ष्यावर नजर, मग कृती. त्यानं डोक्याला एक निरुपद्रवी काम मिळतं. खुल्या कौशल्यात असा क्रम मध्ये घालायला वेळच नसतो. तिथे नजर कुठे ठेवायची एवढंच ठरवता येतं. शिवाय दडपणाचाही थोडा सराव होऊ शकतो. शेवटची पाच मिनिटं गुण मोजा, ‘आता फक्त एकच संधी’ म्हणा, बाकीच्यांना बघायला बसवा.

किती वेळ, किती दिवस?

बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवून पाहिलं. दिवसाला एकच तास शिकणाऱ्यांना एकूण तास सर्वांत कमी लागले. दिवसाला चार तास शिकणाऱ्यांना सर्वांत जास्त. गंमत अशी की तासभरवाले सर्वांत नाखूश होते, कारण कॅलेंडरवर त्यांचे दिवस जास्त गेले. सुट्टीतली सलग आठ तासांची शिबिरं पालकांना का आवडतात, हे यातून थोडं कळतं. तेच तास महिनाभर पसरले तर जास्त उरतं. झोपेतही मेंदू दिवसाची उजळणी मुरवतो.

थकव्याबद्दल सावध राहावं. फिटनेससाठी थकणं ठीक. नवी हालचाल शिकताना थकलेलं शरीर पळवाटा काढतं आणि मग त्याच पळवाटा गिरवल्या जातात. नवं काही असेल तर ते सरावाच्या पहिल्या वीस मिनिटांत घ्यावं. मुरलेलं कौशल्य मात्र मुद्दाम थकल्यावर तपासावं.

‘दहा हजार तास सराव केला की कुणीही निष्णात होतं’ असं म्हणतात. तो दहा हजारांचा आकडा मात्र सोडून द्यावा. तो एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासातला: बर्लिनमधले सर्वोत्तम व्हायोलिन विद्यार्थी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी सुमारे एवढे तास वाजवून झालेले होते. ती सरासरी होती, कुठलाही उंबरठा नव्हता, आणि ते व्हायोलिन होतं. २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात खेळातल्या कामगिरीतल्या फरकांपैकी हेतुपूर्वक सरावानं समजावता येणारा वाटा सुमारे १८ टक्के निघाला. बाकीच्यात क्षमता, सुरुवातीचं वय, दुखापती, संधी असं बरंच काही येतं.

खरंच शिकलो का, हे घरच्या घरी कसं ओळखावं?

वही घ्या. प्रत्येक सरावाच्या शेवटचा नाही, सुरुवातीचा आकडा लिहा. शरीर गरम झालं की लगेच, कोचनं एकही सूचना देण्याआधी, दहा प्रयत्न: त्यातले किती जमले? सर्व्हिस असेल तर तीन प्रकार मिसळून, कुठली टाकायची ते दुसऱ्यानं ऐन वेळी सांगायचं. मंगळवारी सराव संपताना दहापैकी नऊ आणि गुरुवारी सुरुवातीला चार, तर मंगळवारचे पाच त्या दिवसापुरतेच होते. महिन्यातून एकदा जागा बदला: दुसरं कोर्ट, उलटी बाजू, अनोळखी जोडीदार. तिथले पहिले दहा वेगळ्या रंगाच्या पेनानं लिहा. हा आकडा बहुतेकदा वहीतला सर्वांत लहान असतो, आणि सामन्याच्या सर्वांत जवळचाही.